शिबिर जुलैत, पैसा नोव्हेंबरात: सेटलमेंट हाऊसच्या समर कॅम्पसाठी निधी उभा करताना

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळा जूनच्या शेवटी बंद होतात आणि सप्टेंबरात, लेबर डे (महिन्याचा पहिला सोमवार) उलटल्यावर उघडतात. मधले दहा आठवडे कसे काढायचे, हा प्रश्न नुकत्याच या देशात आलेल्या कुटुंबांना फार छळतो. वडील रेस्टॉरंटच्या किचनमध्ये, आई कुणा म्हाताऱ्या माणसाकडे होम अटेंडंट. सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार गेला. आजी-आजोबा मायदेशी. मग अकरा वर्षांची बहीण सहा वर्षांच्या भावाला सांभाळते, दाराला आतून कडी लावून, आणि दोघांचा उन्हाळा फोनच्या पडद्यात जातो. सेटलमेंट हाऊस म्हणजे वस्तीतच राहून तिथल्या कुटुंबांसाठी काम करणारी संस्था. तिचा समर कॅम्प अशा मुलांसाठी असतो.

इथे सोशल वर्क शिकायला आलेली आपली मुलंमुली इंटर्नशिपसाठी अशा संस्थांत येतात. काही जण पुढे तिथेच नोकरीला लागतात, तर काही मराठी घरांतली मंडळी हौसेने स्वयंसेवक होतात. आल्या आल्या कुणीतरी सांगतं, 'कॅम्पच्या फंडरेझिंगला जरा मदत कर.' नेमकं काय करायचं ते मात्र कुणी बसून समजावत नाही, कारण सगळेच घाईत असतात. मी न्यूयॉर्कमधल्या अशाच एका हाऊसमध्ये हे काम शिकले. तिथे शिकलेलं सगळं नव्याने येणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे.

आधी ही संस्था काय आहे ते समजून घ्या

शिकलेल्या, सुखवस्तू माणसांनी गरिबांच्या वस्तीतच घर घ्यायचं, तिथे राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं, ही सेटलमेंटमागची मूळ कल्पना. लंडनमध्ये १८८४ साली टॉयनबी हॉल उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये १८८६ साली नेबरहूड गिल्ड सुरू झालं, तेच आजचं युनिव्हर्सिटी सेटलमेंट. १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोत हल हाऊस काढलं आणि १८९३ मध्ये लिलियन वॉल्ड या नर्सने लोअर ईस्ट साइडला हेन्री स्ट्रीट सेटलमेंटचा पाया घातला. मुंबईच्या नागपाड्यातलं नेबरहूड हाऊसही याच परंपरेतलं. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी ते १९२० च्या दशकात उभं केलं, आणि त्याच कामातून १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टिस, जन्माला आली. तेव्हा हे काम आपल्याला अगदीच परकं नाही.

उन्हाळ्यात मुलांना चाळीतून मोकळ्या हवेत न्यायची धडपडही तितकीच जुनी. १८७७ मध्ये विलर्ड पार्सन्स या पाद्र्याने न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांतली मुलं पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या गावी लोकांच्या घरी राहायला नेली. त्यातून फ्रेश एअर फंड उभा राहिला. १९१२ साली लुईझ डकोव्हन बोवेन यांनी पतीच्या स्मरणार्थ हल हाऊसला वॉकीगन इथे ७२ एकर जमीन दिली आणि शिकागोच्या इटालियन, ग्रीक, ज्यू मुलांना उन्हाळ्यासाठी हक्काची जागा मिळाली.

तेव्हा एका बाईंच्या देणगीवर शिबिर उभं राहू शकत होतं. आजचा कॅम्प गोधडीसारखा असतो, दहा ठिकाणचे तुकडे जोडून शिवलेला. त्यातला एकच तुकडा फार मोठा झाला की धोका असतो. हल हाऊस चालवणारी संस्था बव्हंशी सरकारी पैशावर अवलंबून होती. जानेवारी २०१२ मध्ये, सव्वाशे वर्षांची होत आलेली असताना, ती दिवाळखोरीत निघून बंद पडली. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

एका मुलाचा एक दिवस किती डॉलरचा?

या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असल्याशिवाय कुणाकडे पैसे मागायला जाऊ नका. मागच्या वर्षीचा हिशेब घेऊन अकाउंट्सवाल्यांशेजारी बसा. नमुन्यादाखल आपण एक कॅम्प मांडू. मुलं ८०, आठवडे ७, चार जुलैची सुट्टी वगळून दिवस ३४. प्रत्येक मुलामागे रोजचा खर्च ७० डॉलर धरला, तर एका मुलाचा उन्हाळा २,३८० डॉलरचा झाला आणि अख्खा कॅम्प १,९०,४०० डॉलरचा.

यातला सगळ्यात मोठा वाटा पगारांचा. त्यानंतर बस, विमा, सहलींची तिकिटं, रंग-कागद-चेंडू, टी-शर्ट, प्रथमोपचार. नवखी माणसं टी-शर्टवर तासभर चर्चा करतात आणि विमा विसरतात. ऑफिसचं भाडं, वीज, अकाउंटंटचा वेळ यांचा वाटाही या खर्चात धरायलाच हवा. 'माझा पैसा थेट मुलांवरच खर्च व्हावा' असं म्हणणारे देणगीदार भेटतील. त्यांना शांतपणे सांगा, की काउन्सेलरची, म्हणजे कॅम्पात मुलांचे गट सांभाळणाऱ्यांची, पार्श्वभूमी तपासणं आणि औषधांच्या नोंदी ठेवणं हेही मुलांवरच होतं.

आता हा पैसा येणार कुठून? पालकांच्या फीमधून मुलामागे सरासरी ५०० डॉलर धरले तर ४०,००० झाले. नगरसेवकाच्या विवेकाधीन निधीतून (जो तो आपल्या मर्जीने संस्थांना देऊ शकतो) ३०,०००, फाउंडेशनांकडून, म्हणजे देणग्या वाटणाऱ्या संस्थांकडून, ६५,०००, व्यक्तिगत देणग्यांतून ३५,००० आणि कंपन्यांकडून १५,०००. बेरीज १,८५,०००. अजून ५,४०० कमी पडतात. हा खड्डा कागदावर स्पष्ट दिसू द्या, कुठल्याही रकान्यात उगाच फुगवून भरू नका. एप्रिलमध्ये बोर्डाच्या, म्हणजे संस्थेच्या संचालक मंडळाच्या, सभासदाने 'नेमकं किती हवंय?' असं विचारलं की हाच आकडा सांगायचा असतो. नेमका आकडा सांगितला की माणूस नेमकी मदत करतो.

दोन गोष्टी खर्च खाली आणतात. शहराच्या समर यूथ एम्प्लॉयमेंट प्रोग्रॅममधून १४ ते २४ वयाची मुलं उन्हाळ्यात कामाला मिळतात आणि त्यांचा पगार शहर देतं. ही मुलं तुमच्या काउन्सेलरची जागा घेऊ शकत नाहीत, पण हाताखाली फार उपयोगी पडतात. त्यातली कितीतरी याच कॅम्पात वाढलेली असतात. दुसरी गोष्ट जेवणाची. उन्हाळी जेवणाची केंद्र सरकारची योजना आहे. ज्या भागातली निदान निम्मी मुलं मोफत किंवा सवलतीच्या शालेय जेवणाला पात्र आहेत, तिथे खुलं केंद्र चालवता येतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला कागदपत्रं न मागता जेवण देता येतं.

पालक: पहिले भागीदार

गरीब कुटुंबांकडून फी घेऊच नये, असं मला सुरुवातीला वाटायचं. मार्चमधल्या एका संध्याकाळी नोंदणीच्या टेबलावर बसले होते. जांभळ्या युनिफॉर्ममधली एक आई थेट कामावरून आली होती. उत्पन्नाच्या तक्त्यानुसार तिची फी आठवड्याला २० डॉलर निघत होती. माझ्याबरोबरची मुलगी कनवाळूपणे म्हणाली, 'तुम्हाला माफ करून टाकू.' त्या बाईंनी पर्समधून घड्या घातलेल्या पाच-पाचच्या नोटा काढल्या, टेबलावर एकेक सरळ करून ठेवल्या आणि म्हणाल्या, 'पावती द्या.' पावतीवरचं नाव दोनदा वाचून त्यांनी ती पासपोर्टच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात नीट ठेवली. त्या दिवसापासून मी माफीची भाषा सोडली.

तेव्हा उत्पन्नाप्रमाणे बदलणारी फी ठेवा. तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावा, घरच्या भाषांत लावा आणि हप्ते द्या. अगदी शून्य फीची ओळही त्याच तक्त्यात असू द्या, म्हणजे कुणाला वेगळी विनवणी करावी लागत नाही. मात्र शहराच्या कंत्राटातून चालणाऱ्या जागा बहुतेक वेळा पालकांना मोफतच द्याव्या लागतात. त्या जागा आणि फीच्या जागा यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

फॉर्मवर इमिग्रेशनचा दर्जा विचारू नका. कॅम्पला त्याची गरज नाही, आणि जी माहिती आपल्याकडे नाही ती कुणी आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही. आरोग्याचा फॉर्म, लसींची नोंद, ॲलर्जी, मुलाला न्यायला कोण येणार, एवढं पुरतं. उन्हाळा संपल्यावर फी भरल्याचं पत्र संस्थेच्या टॅक्स नंबरासह पालकांना द्या. १३ वर्षांखालच्या मुलाच्या डे कॅम्पची फी पालकांना टॅक्समध्ये मुलांच्या देखभालीचा खर्च म्हणून दाखवता येते. मुक्कामी कॅम्पची मात्र चालत नाही. पुष्कळ पालकांना हे कुणी सांगतच नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर: खरा हंगाम

मे महिन्यात जागं होऊन निधी गोळा करायला निघालेला माणूस फार थोडा पैसा आणतो. फाउंडेशनांचे अर्ज कॅम्पच्या सहा-आठ महिने आधी जातात. अर्ज लिहिण्याआधी त्या फाउंडेशनचं टॅक्स रिटर्न, म्हणजे ९९०-पीएफ, वाचा. ते जाहीर असतं आणि इंटरनेटवर फुकट मिळतं. कुणाला किती दिले याची यादी त्यातच असते. जे फाउंडेशन दहा-दहा हजारांचेच चेक देतं त्याच्याकडे पन्नास हजार मागण्यात अर्थ नसतो. मग तिथे अर्ज पाहणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरला छोटी ईमेल करून आमचं काम तुमच्या कक्षेत बसतं का, एवढंच विचारा. 'नाही' लवकर कळलं तर दोन आठवड्यांची मेहनत वाचते.

अर्जात 'वंचित मुलांचं आयुष्य उजळवणं' असली वाक्यं घालू नका. त्याऐवजी, आमच्याकडे येणाऱ्या घरांत इतक्या भाषा बोलल्या जातात, कॅम्प सकाळी आठला उघडतो कारण मुलांच्या आयांचं काम नवाला सुरू होतं, बुधवारी पोहणं असतं, मागच्या वर्षी ८० पैकी इतकी मुलं शेवटच्या दिवसापर्यंत टिकली, असं लिहा. यातला प्रत्येक आकडा तुमच्या हजेरीपटातून आलेला असावा.

नोव्हेंबरात व्यक्तिगत देणग्यांची पत्रं निघतात. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतरचा मंगळवार म्हणजे गिव्हिंग ट्यूसडे, देणग्या द्यायचा दिवस. २०१२ साली सुरू झालेली ही प्रथा आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्या दिवशी लोकांच्या इनबॉक्समध्ये नुसती गर्दी असते. माझ्या अनुभवात त्या दिवशीच्या ईमेलपेक्षा आधीच्या आठवड्यात केलेले वीस फोन जास्त पैसे आणतात. वर्षातला शेवटचा जोर २६ ते ३१ डिसेंबरला असतो, कारण त्या वर्षाच्या टॅक्समध्ये देणगी दाखवायची शेवटची तारीख ३१. तेव्हा ऑफिस बंद असलं तरी फोन उचलणारं कुणीतरी हवंच.

मागताना एकक छोटं ठेवा. '७० डॉलर म्हणजे एका मुलाचा एक दिवस, ३५० म्हणजे एक आठवडा, २,३८० म्हणजे पूर्ण उन्हाळा.' माणूस आपल्या ऐपतीची पायरी स्वतः निवडतो.

पावतीचे नियम पाठ करा. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणगीला संस्थेचं लेखी पत्र लागतं, आणि बदल्यात काही वस्तू-सेवा दिली की नाही ते त्यात लिहावं लागतं. निधीसाठी ठेवलेल्या स्प्रिंग डिनरचं तिकीट १५० डॉलरचं असेल आणि जेवण ६० डॉलरचं, तर देणगी ९० डॉलरचीच. ७५ डॉलरच्या वरच्या अशा प्रत्येक व्यवहारात हे आपणहून सांगणं संस्थेवर बंधनकारक आहे.

आपल्या माणसांकडे मागताना

एडिसन, जर्सी सिटी, क्वीन्स इथल्या मराठी घरांना वर्गणीची सवय आहे. मंडळाच्या गणपतीला पावती फाडल्याशिवाय कुणी राहत नाही. पण सेटलमेंट हाऊस म्हटलं की 'ते त्यांचं काम' असा सूर कधी कधी निघतो. अशा वेळी मी पहिल्या पिढीची आठवण करून देते. दोन बॅगा घेऊन आलो तेव्हा आपल्याला कुणी कुणी मदत केली, ते प्रत्येकाला आठवतं. तिथून पुढचं बोलणं सोपं जातं.

यातल्या बऱ्याच जणांच्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. देणगीदाराने कंपनीच्या पोर्टलवर पाच मिनिटं घालवली की ७० चे १४० होतात. लोक आळस करतात किंवा विसरतात, म्हणून त्यांच्याशेजारी बसून लॅपटॉपवर ते करून घ्या. मला यात कधी संकोच वाटला नाही.

एक चूक मात्र अजिबात करू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन करून स्वतःच्या झेलवर (फोनवरून पैसे पाठवायची सोय) पैसे गोळा करायचे आणि मग संस्थेला एकगठ्ठा चेक द्यायचा. हेतू चांगला असतो, पण मग पावती तुमच्या एकट्याच्या नावावर निघते, बाकीच्यांना टॅक्सची सवलत मिळत नाही, कंपनीची जोड रक्कम बुडते आणि उद्या कुणी शंका घेतली तर तुमच्याकडे उत्तर नसतं. ग्रुपवर संस्थेच्या देणगीच्या पानाची लिंक टाका, बस्स.

जानेवारी ते जून: कागद, बस आणि उशिरा येणारे चेक

नगरसेवकांच्या विवेकाधीन निधीचे अर्ज हिवाळ्यात घेतले जातात. नगरसेवकाला नुसता अर्ज पाठवू नका, त्यांच्या ऑफिसातल्या माणसाला आधी हाऊस दाखवा. शहराचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे अगदी कॅम्पच्या तोंडावर. निधी मंजूर झाला तरी कंत्राटाची नोंदणी व्हायला वेळ लागतो, आणि पुष्कळसा पैसा आधी खर्च करून मग बिल लावून मिळवायचा असतो. जुलैचे पगार तर जुलैतच द्यावे लागतात. म्हणून रोख पैशाचा तक्ता महिन्यावार वेगळा मांडा. बजेट जुळलेलं असूनही खात्यात पैसे नाहीत, अशी वेळ चांगल्या चांगल्या संस्थांवर येते. न्यूयॉर्कमध्ये अशा मधल्या काळासाठी शहराचा बिनव्याजी परतफेडीचा निधी आहे. तो मागायला लाजू नये.

मार्चपर्यंत बस ठरवा. एका वर्षी मी हे काम मेपर्यंत लांबवलं. तोवर पिवळ्या बसेस शाळांच्या सहलींना आणि इतर कॅम्पांना गेलेल्या आणि उरलेल्यांचा दर आमच्या आवाक्याबाहेरचा. कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्याची सहल रद्द करावी लागली. त्या दिवशी मुलं जवळच्या पार्कात स्प्रिंकलरखाली खेळली. खेळली मजेत, पण एका मुलाने घरून आणलेली रिकामी बाटली बॅगेतच होती, समुद्राचं पाणी भरून आणायला. त्यानंतर आमचं बसचं पत्र फेब्रुवारीतच जातं. आरोग्य खात्याच्या कॅम्प परवान्याचंही तसंच. जागेची तपासणी, डायरेक्टरची पात्रता, सुरक्षेची लेखी योजना, हे सगळं वेळेत झालं नाही तर गोळा केलेला पैसा नुसता पडून राहतो.

'फक्त कॅम्पसाठी' म्हणून आलेली देणगी कॅम्पवरच खर्च करावी लागते. सप्टेंबरात ती संगणक वर्गाकडे वळवता येत नाही. देणगीदाराला 'जिथे गरज असेल तिथे' हा पर्याय जरूर द्या, पण त्याने एकदा कॅम्प निवडला की त्याचा शब्द पाळा.

कोणता पैसा घ्यायचा नाही

हल हाऊसमध्ये कामकरी मुलींसाठी वसतिगृह बांधायचं होतं. त्यासाठी २०,००० डॉलरची देणगी चालून आली. देणारा माणूस स्वतःच्या कारखान्यातल्या मुलींना तुटपुंजी मजुरी देण्याबद्दल बदनाम होता. जेन ॲडम्स यांनी ती नाकारली. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी होती याचा विचार करा. आपल्या वस्तीत असे प्रसंग आजही येतात. ज्या घरमालकाने हिवाळ्यात हीटिंग बंद ठेवलं, त्याचं नाव मुलांच्या टी-शर्टवर छापायचं का? हा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका, आणि चेक आल्यावर तर नाहीच. देणग्या स्वीकारण्याचं लेखी धोरण बोर्डाकडून आधीच करून घ्या.

फोटोंचंही असंच. माझ्या हातून झालेली चूक सांगते. न्यूजलेटरमध्ये एका मुलीचा हसरा फोटो छापला, खाली पहिलं नाव, देश आणि 'गेल्या वर्षीच आलेलं कुटुंब' असं लिहिलं. संमतीपत्रावर आईची सही होती. आठवड्याभराने तिचे वडील आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, की हे किती लोकांकडे गेलं? मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. सही इंग्रजी कागदावर झाली होती, तो कागद त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. मुलगी पुढच्या वर्षी आली नाही. आता आमचं संमतीपत्र घरच्या भाषेत असतं, देश आणि आल्याची तारीख छापायचं आम्ही सोडलं आहे, आणि बरेच फोटो पाठमोरे किंवा नुसत्या हातांचे असतात. देणग्या त्याने कमी झाल्या नाहीत.

ऑगस्ट: पुढच्या वर्षाची सुरुवात

कॅम्पच्या शेवटच्या आठवड्यात नवी माणसं थकून फंडरेझिंग विसरतात. पण देणगीदाराला तुम्ही काय पाठवणार ते याच आठवड्यात हाती येतं. त्याआधी, जुलैच्या मधल्या आठवड्यात, मोठ्या देणगीदारांना तासाभरासाठी बोलवा. भाषणं नकोत. त्यांना गटाबरोबर जेवायला बसवा आणि मुलांना त्यांची ओळख 'पैसे देणारे काका' म्हणून करून देऊ नका. कॅम्पच्या शेवटच्या सोमवारी मुलांपुढे कोरी कार्डं ठेवा आणि 'उन्हाळ्यातली एक गोष्ट काढा' एवढंच सांगा. आभार मानायला लावू नका. कुणी बस काढतं, कुणी पोहण्याच्या तलावाची निळी चौकट, एकाने फक्त जेवणातलं टरबूज काढलं होतं, बिया मोजून.

कार्डं पाठवण्याआधी मागची बाजू तपासा. मुलं सवयीने पूर्ण नाव आणि घरचा पत्ता लिहून ठेवतात. ज्यांवर तसं असेल ती बाजूला काढून मुलाच्या घरी द्या. बाकीच्यांवर हाताने दोन ओळी लिहा: किती मुलं आली, तुमच्या पैशाने किती दिवस झाले. लेबर डेच्या आत पोस्टात टाका. त्यात पैसे मागू नका, पैसे मागणारं पत्र नोव्हेंबरात जाईल. हे सगळं झालं की हजेरीपट, खर्चाचे आकडे आणि कुठल्या फाउंडेशनने 'नाही' म्हटलं त्याची यादी एका फाइलमध्ये ठेवा. सप्टेंबरात पहिला अर्ज लिहायला बसाल तेव्हा तीच फाइल लागणार आहे.